घट

हुपरीत चांदी मोजून येते, मोजूनच जाते.
शनिवारी नेमगोंडा आप्पांचा पोरगा
डिकीतून पिशवी काढतो, पुढ्यात काटा मांडतो.
आई म्हणते, पंखा बंद कर.
मी पंखा बंद करते. नऊशे ऐंशी ग्रॅम कड्या.
मी वहीत लिहिते, तो सही करतो,
मग चहा न घेता जातो, घाईत असल्यागत.

आठवडाभर घरात तेवढाच आवाज:
कडीत कडी, कडीत कडी,
मध्येच म्हशीला पाणी, धार, डेअरीची रांग,
फॅट घसरल्याची चिठ्ठी,
परत कडीत कडी.
चिमट्यानं अंगठा असा घासलाय
की रेशनच्या मशीनवर ठसा उमटत न्हाई.
दुकानदार म्हणतो, मावशी, दुसरं बोट लावा.
दुसरं बोटही तिचंच.

पैंजण परत जातात ते आप्पांच्या पेढीवर,
तिथला काटा काचेच्या पेटीत बसलेला, देवासारखा.
किलोला दोन ग्रॅम घट माफ.
त्यावर गेली की मजुरीतून कापतात.
आणि दर खेपेला ती त्यावर जातेच.
घट म्हणजे काय, मी लहानपणी विचारलेलं.
म्हणाली, जे गेलं ते कुठं गेलं
हे कुणी विचारत न्हाई, तेवढं.

मी आता इचलकरंजीला बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला.
सर म्हणतात, दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत.
आमच्या वहीच्या जुळत नाहीत.
बाबांची सूतगिरणीतली रात्रपाळी, दुधाचं बिल,
मंगळवारची भिशी, पेंड, गॅस, आजोबांच्या गोळ्या,
सगळं धरलं तर आम्ही कधीच उधारीत जायला हवं होतं.
गेलो नाही.
कुठूनतरी दोन-तीनशे येत होते,
त्यांना रकाना नव्हता.

मग एका दुपारी मागच्या दारात झारेकरी दिसला.
आई डालड्याचा डबा त्याच्या फडक्यावर उपडा करत होती:
बसायच्या पोत्याची झटकन, कुंच्याची धूळ,
हात धुतल्या पाण्याचा बादलीतळाचा गाळ.
त्यानं बोटानं चाळवलं, नाक मुरडलं, नोटा दिल्या.
मी पेन उघडलं.
लिहू नकोस, ती म्हणाली.
का?
लिहिलं की ते घराचं होतं.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही कोल्हापूरला गेलो.
गुजरीत तिनं उगाच एक जोड मागितला,
तळहातावर घेतला, डोळे मिटले.
चौऱ्याण्णव, म्हणाली.
दुकानदारानं हसत काट्यावर टाकला. त्र्याण्णव आठशे.
त्याचं हसू जरा कमी झालं.
तिनं जोड उलटा करून टाका बघितला,
ही आमच्या गल्लीतल्या शेवंताची, लई घट्ट ओढलाय,
तिच्या मनात काहीतरी असणार त्या दिवशी.
घेणार का मावशी?
नको. हातच बघायचा होता.

मला वाटलं आता भेळ, मग रंकाळ्याची बस.
ती लक्ष्मीपुरीकडं वळली.
तिथं एका दुकानात पदराची गाठ सोडली,
नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या
आणि एक काटा घेतला. छोटा, सेलवरचा,
सोबत शंभराचं वजन, छाप असलेलं.
बसमध्ये तो खोका मांडीवर घेऊन बसली,
लेकरू झोपल्यासारखा.

शनिवार.
पोरग्यानं पिशवी काढली, काटा मांडला.
आईनं शेजारी आपला मांडला,
आधी त्यावर शंभराचं ठेवलं, त्याला दाखवलं, उचललं.
पंखा बंद कर, म्हणाली.
त्याचा काटा: नऊशे ऐंशी.
तिचा: नऊशे सत्त्याहत्तर.

कुणीच काही बोललं न्हाई.
बाहेर म्हैस दोनदा ओरडली.
तीन ग्रॅम. दर शनिवारी तीन ग्रॅम, सात वर्षं.
मी मनात गुणाकार करायला लागले आणि थांबले.
पोरगा मान खाली घालून म्हणाला,
सेल उतरला असंल, काकू.
असंल, ती म्हणाली. चहा घे.

तो चहाला बसला. पहिल्यांदाच.
लिही, ती मला म्हणाली, सत्त्याहत्तर,
अक्षरीसुद्धा.
त्यानं सही केली तेव्हा
कपबशी जरा वाजली.
पंखा लावायचं आम्ही विसरलो होतो.